चार सावल्या

हुबळी-धारवाडच्या शाळांमधला खेळाचा जुना फोटो हाती आला, की मी चेहरे मागाहून बघते. आधी पायाखालच्या सावल्या मोजते. सूर्य एकच, म्हणून दिवसाच्या खेळात प्रत्येकाला सावलीही एकच. रात्री मैदानाच्या चार कोपऱ्यांना बांबू रोवून दिवे लावलेले असले, तर एकेका खेळाडूच्या पायाशी चार सावल्या फुलीसारख्या पसरतात, चारही फिकट. फ्लॅश मारून काढलेला फोटो असेल तर पुन्हा सावली एकच, पण काळीकुट्ट, अंगाला मागून चिकटलेली. आणि तिच्यामागे मैदान नाहीच, नुसता अंधार. ही परीक्षा मला कुणी शिकवली नाही. पुष्कळ फोटो पाहिले की ती आपोआप येते.

झालं असं, की इथल्या एका शाळेच्या स्मरणिकेसाठी मुलींच्या खेळांवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी कपाट उघडून दिलं. त्यात निकालाच्या वह्या होत्या, ढाली होत्या, अल्बम होते. वह्या सांगत होत्या की कबड्डीचे आणि खो-खोचे महत्त्वाचे सामने पुष्कळदा रात्री झाले. ‘होनलु बेळकिन पंद्यावळी’ हे कानडी शब्द पानोपानी. होनलु म्हणजे प्रवाह, बेळकु म्हणजे उजेड. मराठीत आपण प्रकाशझोतातले सामने म्हणतो. कानडीत उजेड वाहत येतो, मराठीत तो झोतानं अंगावर येतो. खरं तर दोन्ही शब्द जरा थोरच, कारण मैदानावर असायचे ते मांडववाल्याकडून भाड्यानं आणलेले चार-सहा हॅलोजन. आणि अल्बममध्ये रात्र जवळजवळ नव्हतीच. सामना रात्रीचा आणि फोटो दिवसाचा, हा मेळ काही बसेना. तिथून मी सावल्यांच्या नादी लागले.

सामने रात्रीवर का जायचे? उन्हाळी स्पर्धा मुद्दामच रात्री ठेवत. चैत्र-वैशाखात हुबळीच्या काळ्या मातीवर भर दुपारी कुणी अनवाणी उभं राहून दाखवावं! हिवाळ्यातले सामने मात्र ठरवून नव्हे, लांबत लांबत रात्रीचे व्हायचे. उद्घाटनाला पाहुणे उशिरा, भाषणं लांब, मग मुलांचे सामने आधी आणि मुलींचे नंतर. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि आपण विषुववृत्तापासून पंधरा अंशांवर, त्यामुळे संधिप्रकाश रेंगाळत नाही. वीस-बावीस मिनिटांत सगळं काळवंडतं. अंतिम सामना अंधारात यायचा तो बहुतेक मुलींचाच, हे वह्यांतल्या वेळांवरून सरळ दिसतं.

आता उजेडाचा हिशेब. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. भाड्याच्या दिव्यांवर शाळेच्या मैदानात शंभर लक्स मिळाला तरी चांगला म्हणायचा. म्हणजे हजारपट कमी. डोळ्याला हे जाणवत नाही. बाहुली मोठी होते, बाकीचं मेंदू सांभाळून घेतो. फिल्म सांभाळून घेत नाही. ४०० एएसएची फिल्म घालून भिंग एफ २ पर्यंत उघडलं, तरी शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आणावं लागे. चढाईला गेलेल्या मुलीचा पाय फोटोत थांबायला पाचशेवा भाग हवा. मधला फरक सोळापटीचा. तोही व्होल्टेज नीट असेल तर. १९८५ साली रायचूरचं औष्णिक केंद्र सुरू होईपर्यंत कर्नाटकाची वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची होती. उन्हाळ्यात धरणं खाली गेली की दिवे पिवळे पडत. तारेचा दिवा व्होल्टेजला फार हळवा असतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीस टक्क्यांनी उतरतो. खेळणाऱ्या मुलींना ते कळतही नसे, फोटोवाल्याला मात्र घाम फुटे.

मग फ्लॅश का नाही? होता की. पण फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाईवर येतो. साधा फ्लॅश आणि १२५ एएसएची फिल्म असली तर सात-आठ मीटरांच्या पुढे काही नाही. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद; खो-खोचं २७ बाय १६. फोटोवाला रेषेबाहेर उभा. त्यामुळे जवळच्या मुलीची पाठ चुन्यासारखी पांढरी, आणि पलीकडे जिच्यासाठी बटण दाबलं ती अंधारात बुडालेली. शिवाय चढाई करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांवर ऐन वेळी लखलखाट झाला तर पंचही चिडत, आणि बरोबरच होतं ते. त्याच्या आधीच्या काळात फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा. होमाई व्यारावाला बाईंसारख्या वृत्तछायाचित्रकारांनी एकेका फोटोला एकेक बल्ब जाळत दिल्लीतले प्रसंग टिपले. शाळेच्या कबड्डीसाठी कोण बल्ब जाळणार?

आणि रोल एकच. छत्तीसचा. मी दोन-तीन वर्षांच्या फोटोंचा क्रम लावून पाहिला. पाहुण्यांचं आगमन, दीपप्रज्वलन, ध्वज, संचलन, पाहुणे खेळाडूंशी हस्तांदोलन करताना, पाहुण्यांचं भाषण, बक्षिसं, पुन्हा बक्षिसं, शिक्षकवर्ग, गटाचा फोटो. खेळाला उरायचे चार-पाच. पाहुणे बसतात तिथे, मंडपात, ट्यूबलाइट असायच्या आणि पाहुणे हलत नसत. फोटोला याहून सोयीचं काय असणार?

हा सगळा खेळ १८७८ साली सुरू झाला असं मला वाटतं. त्या वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिज यानं ओळीनं कॅमेरे मांडून दौडता घोडा फोटोत थांबवला. ऊन लख्ख आणि घोड्यामागे पांढरी भिंत. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये शेफील्डच्या ब्रॅमल लेन मैदानावर विजेच्या दिव्यांत फुटबॉलचा सामना झाला. मैदानाच्या कोपऱ्यांना उंच लाकडी मनोऱ्यांवर दिवे चढवले होते; म्हणजे त्या खेळाडूंनाही चार सावल्या पडल्या असणार. पळणारं जनावर थांबवण्याची विद्या आणि रात्री खेळण्याची विद्या, दोन्ही एका वर्षातल्या. पण दोघींची गाठ पडायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. मधल्या काळात रात्री खेळणारे खेळत राहिले आणि फोटो दिवसाचेच निघत राहिले.

ज्यांच्याकडे पैशांना तोटा नव्हता त्यांचीही यातून सुटका नव्हती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बांबूउडीची अंतिम स्पर्धा लांबत लांबत रात्रीवर गेली. अमेरिकेचा अर्ल मेडोज जिंकला, जपानचे निशिदा आणि ओए त्याच्यामागे. लेनी रीफेनश्टाल त्या ऑलिंपिकचा चित्रपट करत होती. हाताशी पाहिजे तेवढे कॅमेरे, पाठीशी आख्खं सरकार. पण अंधारात मनासारखं चित्रण होईना. तेव्हा तिनं त्याच खेळाडूंना पुन्हा बोलावून उड्या मारायला लावल्या आणि भरपूर दिवे लावून चित्रण केलं. १९३८ च्या ‘ऑलिंपिया’ चित्रपटात ते खऱ्या स्पर्धेत मिसळून गेलं आहे. त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिनमध्ये आपले देशी खेळ करून दाखवले, त्यांत कबड्डीही होती. आपल्या मातीतला खेळ आणि अंधाराची ही अडचण एकाच गावात, एकाच ऋतूत.

रीफेनश्टालचं उदाहरण मी उगाच दिलं नाही. शाळेच्या अल्बममधला सगळ्यात देखणा खेळाचा फोटो तसाच आहे. एक मुलगी हात लांबवून मध्यरेषेकडे झेपावते आहे, तिघींनी तिचा पाय धरलेला. वहीप्रमाणे तो सामना रात्री नऊला संपला. फोटोत सावली एकेकीला एकच, लांब, पश्चिमेकडे पडलेली. म्हणजे सकाळ. कपडे इस्त्रीचे, चुन्याच्या रेषा कुठेही पुसलेल्या नाहीत, आणि पाय धरणाऱ्यांतली एक हसू दाबते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवाल्यानं पोरींना मैदानावर मांडलं होतं. मी याला खोटा फोटो म्हणणार नाही. मुली त्याच, मैदान तेच, पकडही नियमाला धरून. पण हा जिंकलेल्या संघाचा फोटो आहे. हरलेल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी बोलवत नाही. इतिहास लिहिताना हे फार नडतं, कारण हरलेला संघ बाहेरगावचा असेल तर तो रात्रीच बसनं निघून गेलेला असतो.

आणि मुलींच्या बाबतीत अजून एक गोष्ट. आपल्याकडे संध्याकाळच्या त्या वेळेला दिवेलागण म्हणतात आणि दिवेलागणीला मुलगी घरात हवी, यावर हुबळीतल्या सगळ्या जातिधर्मांचं एकमत होतं. मुलगी रात्री मैदानावर होती याचा पुरावा म्हणून वहीत नाव सापडतं, पण फोटो नाही. काही घरांना तो नसलेलाच बरा वाटत असे. जैन घरांत आणखी एक आडकाठी: सूर्यास्ताआधी जेवण. दिवस असेपर्यंत जेवून घ्यायचं म्हटलं, तर भरल्या पोटी कबड्डी कशी खेळणार? आणि सामन्यानंतर संघाला पुरी-भाजी मिळे ती रात्री नऊला. माझ्या ओळखीच्या दोघी तिघी उपांत्य सामन्यापर्यंत खेळून अंतिम सामन्याआधी घरी गेल्या आहेत. त्यांची नावं वहीत राखीव म्हणून पडली. कुणी त्यांना वगळलं नव्हतं, घड्याळानं वगळलं. दिव्यांचंही आमच्याकडे तसंच. दिवा लावला की पाखरं येणार, पडणार, मरणार. म्हणून पावसाळ्यात जरुरीपुरता दिवा लावायचा आणि काम झालं की मालवायचा, ही सवय मला लहानपणापासूनची. रात्रीच्या खेळाच्या फोटोत हवेत पांढरे ठिपके आणि रेघा दिसतात. फोटोवाले त्यांना डाग म्हणतात. मला ते डाग म्हणवत नाही.

तरीही काही जणांनी अंधारात फोटो काढले. दुर्गद बैलच्या बाजूला एक स्टुडिओ होता. तो चालवणारे गृहस्थ आता नाहीत, पण त्यांच्या मुलानं मला वडिलांची रीत सांगितली. पूर्व जर्मनीची ओर्वोची एनपी २७ फिल्म, ४०० एएसए. ती १६०० ची समजून फोटो काढायचे आणि रोल डेव्हलपरमध्ये नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवायचा. सावल्यांतलं काही परत येत नाही, पण उजेडातलं टिकतं. फोटो रव्यासारखा दाणेदार येतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी तापलेलं, त्यामुळे ट्रेखाली बर्फ ठेवावा लागे. कोपऱ्यावरच्या सोड्याच्या दुकानातून ते बर्फ आणत. आणि मुख्य युक्ती वाट बघायची. व्हॉलीबॉलमध्ये उडी मारणारा सगळ्यात वर गेला की क्षणभर थांबतो, ना वर ना खाली. कबड्डीत चढाई करणारी हात लांबवून परत फिरण्याआधी अशीच थांबते. खो-खोत मात्र असा क्षण जवळजवळ नाही. खांबाला वळसा घेताना थोडाफार. ‘बाबा खेळ समजून घेऊन फोटो काढत,’ मुलगा म्हणाला. मला वाटतं हे अर्धंच खरं. ते खेळ समजून तो कुठे थांबतो ते हेरत, कारण फिल्मला तेवढंच झेपत होतं. उरलेला सगळा खेळ, धावणं, हुलकावणी, पडणं, त्यांच्याही हाताबाहेर होता.

पुढे रंगीत फोटो आले तेव्हा रात्र सुधारली नाही, उलट बिघडली. दिवसासाठी बनवलेली फिल्म हॅलोजनखाली नारिंगी दिसायची, मर्क्युरीखाली हिरवी, सोडियमखाली सगळंच भगवट. निळा संघ कुठला आणि काळा कुठला ते ओळखू येईना. २८ सप्टेंबर १९८४ ला दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया सामना दिव्यांत झाला, भारतातला पहिलाच दिवस-रात्र एकदिवसीय सामना, आणि मग गल्लीतल्या स्पर्धांनीही पत्रकांवर ‘डे-नाइट’ छापायला सुरुवात केली. पण गल्लीतले दिवे तेच होते. खरी सुटका २००७ च्या आसपास झाली. निकॉनच्या डी ३ कॅमेऱ्यात ६४०० आयएसओवरही वापरता येईल असा फोटो निघू लागला. शाळांपर्यंत ती ताकद स्वस्त होऊन पोचायला आणखी काही वर्षं गेली.

तिथे एक नवीच भानगड निघाली. एकामागोमाग दहा फोटो काढावेत तर दोन उजळ, तीन काळपट, एक पिवळा. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून मेटल हॅलाइडसारखा दिवा किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला शंभरदा मंदावतो. डोळ्याला कळत नाही, पण पाचशेव्या भागाचं शटर नेमकं मंद क्षणी उघडलं की फोटो काळा. जुन्या तारेच्या हॅलोजनला हा त्रास फारसा नव्हता. तार तापलेली राहते. २०१४ मध्ये कॅननच्या सेव्हन डी मार्क टू या कॅमेऱ्यात दिव्याची लय ओळखून उजळ क्षणीच शटर उघडण्याची सोय आली. आमच्या इथल्या एका मांडववाल्याला मात्र याहून साधा उपाय ठाऊक होता: शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडायचे, म्हणजे एक मंदावला की दुसरा तेज असतो. शाळेला थ्री-फेज जोड असेल तर. नसेल तर सगळे दिवे एकदम डोळे मिचकावतात. त्यामुळे हल्लीच्या फोटोंवरून शाळेच्या मीटरचीही कल्पना येते. फोनमधला रात्रीचा मोड इथे कामाचा नाही. तो अनेक फोटो एकावर एक रचून उजेड जमवतो; देवळासाठी, डोंगरासाठी उत्तम. चढाईला गेलेली पोरगी त्यात भुतासारखी आरपार दिसते.

आज निदान फोटो तरी आहेत. त्याआधीच्या तीसेक वर्षांचं जे आहे ते निगेटिव्हमध्ये, आणि निगेटिव्ह भंगारात गेल्या. फिल्मवर चांदी असते. वापरलेला हायपो आणि जुन्या फिल्म चांदी काढण्यासाठी विकत घेणारे लोक गावोगाव फिरत; स्टुडिओ बंद होताना बऱ्याच जणांनी पोत्यांनी दिल्या. रात्रीच्या सामन्यांचे फोटो प्रिंट काढण्याजोगे नाहीत म्हणून अल्बममध्ये गेले नव्हते. ते फक्त निगेटिव्हवर होते, त्यामुळे तेच कायमचे गेले. दुर्गद बैलच्या त्या घरात बटरपेपरच्या पाकिटांचा एक खोका उरला होता. एका पाकिटावर आमच्या शाळेचं नाव आणि १९८१. सदतीस चौकटी, एकतीसपर्यंत पाहुणे, मग दोन पूर्ण काळ्या, आणि शेवटच्या चारांत कबड्डी.

त्यातली एक मी मोठी करून घेतली. स्मरणिकेच्या समितीला ती पसंत पडली नाही. छपाईत चिखल होईल, सकाळचाच फोटो स्वच्छ आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण ती निगेटिव्ह हरलेल्या सामन्याची होती, आणि ज्यांना वहीत फक्त एक ओळ मिळाली आहे त्यांना पान मिळालं पाहिजे असं मी म्हटलं. शेवटी दोन्ही फोटो घ्यायचं ठरलं.

ओळख पटवायला त्या संघातल्या तिघींना बोलावलं. आता साठीच्या आसपासच्या. चेहरा एकीचाही दिसत नाही. ‘अक्का, ही तूच की,’ दोघींनी एकदम बोट ठेवलं. डाव्या गुडघ्याला बांधलेला रुमाल पाहून ओळखलं होतं. मी सावल्या मोजल्या तर तीनच. मला वाटलं चौथी दाण्यांत हरवली असेल. ‘तीनच असणार,’ अक्का म्हणाल्या. ‘कुंपणाकडचा दिवा मधेच गेला. सर म्हणाले, उद्या सकाळी खेळा. आम्ही नाही म्हटलं. घरनं दुसऱ्या दिवशी कोण सोडणार होतं?’ वहीत दिव्याचा उल्लेख नाही. तीन गुणांनी हार, एवढंच.

मग अक्कांचा हात समोरच्या मुलीच्या खांद्याला लागला होता की नाही यावर तिघींचं जुंपलं. लागला होता, पंचांना त्या बाजूच्या अंधारात दिसलं नाही, असं अक्का चव्वेचाळीस वर्षं सांगत आल्या आहेत. भिंग आणलं. बोटं आणि खांदा यांच्यामध्ये नेमकी एक पांढरी रेघ आहे, कॅमेऱ्याजवळून गेलेल्या कुठल्या तरी पाखराची.